पाय वर, पदर डोक्यावर

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका नव्या बाईंनी स्टाफरूमचं दार लोटून घेतलं, साडी चार बोटं वर केली आणि मला पोटरी दाखवली. गुडघ्याच्या मागून एक निळी शीर नागमोडी खाली उतरली होती. "मॅडम, तुमचंही असंच होतं ना?" मी म्हटलं, याच्यापेक्षा वाईट होतं, आणि दोनदा होतं. 'दोनदा' ऐकून त्यांचा चेहरा पडला. ऑपरेशन केलं की विषय संपतो, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर दोनदा झालं.

मधल्या सुट्टीत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहिते. औषधांची आणि शिरांची नावं यात नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील. डॉक्टरांना जे माहीत नसतं ते घरातलं असतं, आणि माझं सगळं तिथंच अडलं होतं.

पहिल्यांदा

मी गणित शिकवते. सकाळी सात ते दुपारी एक, उभ्यानं. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी वर्गातल्या शिक्षकांच्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. बसलेला मास्तर निम्मा झोपलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या आईच्या पायांवरही अशाच शिरा होत्या, आणि आम्ही लहानपणी त्यावरून बोट फिरवून नदीचा नकाशा खेळायचो. त्यामुळे वैष्णवीच्या जन्मानंतर माझ्या डाव्या पायावर तसंच काही दिसू लागलं, तेव्हा मला त्यात आजार दिसला नाही. घराण्याचं नाक असतं तशा घराण्याच्या शिरा. शिवाय साडी हे फार सोयीचं वस्त्र आहे, ती आजारसुद्धा झाकते.

अडतिसाव्या वर्षी पाय संध्याकाळी शिशासारखा जड व्हायला लागला आणि रात्री पोटरीत गोळे यायला लागले, तेव्हा लेझर करून घेतलं. सकाळी गेले, संध्याकाळी घरी. मांडीपर्यंतचे घट्ट मोजे दिले होते. ते सहा आठवडे इमानेइतबारे घातले, मग धुऊन, घडी करून, डांबराच्या गोळ्यांसोबत कपाटात ठेवले. अपेंडिक्स काढलं की ते परत येत नाही, दाढ काढली की ती परत दुखत नाही. शिरांचंही तसंच असणार, असं मी धरून चालले. गणिताच्या बाईनं न तपासता उत्तर लिहिलं, दुसरं काय.

जोडवी

तीन वर्षं बरी गेली. मग डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली आणि तिथं खाज सुटायला लागली. वर्गात वाकून पाय खाजवणं बरं दिसत नाही. म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उदाहरण लिहिता लिहिता उजव्या पायाच्या जोडव्यानं डावा घोटा घासायची. खालच्या खाली, साडीच्या आत. फार बरं वाटायचं. असं किती दिवस चाललं ते आठवत नाही. एके दिवशी पाय धुताना पाहिलं तर घोट्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढी जखम होती.

ती जखम भरेना. शेजारच्या वहिनींनी गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकायला सांगितलं. मी रोज संध्याकाळी बादलीत पाय सोडून बसायचे. पाय आणखी सुजला. पुढे कळलं की फुगलेल्या शिरांना ऊब देणं म्हणजे भांडणाऱ्याला आणखी चढवणं. डाळीएवढी जखम पंधरा दिवसांत रुपयाएवढी झाली आणि तिला वास यायला लागला. पहिल्या बाकावरच्या मुली नाक मुरडत नव्हत्या, पण त्या मुरडतात की काय हे मी दर तासाला बघत होते.

यांच्या गावी, कन्नड तालुक्यात, एक चुलत आत्या होत्या. त्यांच्या पायाला असंच भोक होतं. मी लग्न होऊन गेले तेव्हाही होतं आणि त्या वारल्या तेव्हाही होतं. ओसरीच्या कोपऱ्यात चिंध्या गुंडाळून बसायच्या आणि पायावरच्या माश्या हाकलायच्या. मुलं त्यांच्याजवळ जात नसत. मला रात्रंदिवस त्याच दिसत होत्या. मी घाबरले होते. हे तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

डॉक्टरांनी जेल लावून सोनोग्राफी केली. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं आणि मधूनच हवा भरल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी यंत्र पुन्हा एकदा घोट्यापासून वर फिरवलं. मग म्हणाले, "जुनी शीर बंदच आहे. ही नवी आहे."

"नवी कुठून आली?"

"तुम्ही तयार केलीत. मी एक बंद करतो, तुम्ही उभं राहून दुसरी तयार करता. मोजे घालता?"

मी खरं सांगितलं. त्यांनी रागावायला हवं होतं, पण ते रागावले नाहीत. नुसतं लिहीत राहिले. मला रागावलेलं परवडलं असतं.

पाच महिने

आधी जखम भरायची, मग शिरेचं बघायचं, असं ठरलं. दर आठवड्याला पट्टी. बोटांपासून गुडघ्यापर्यंत चार थर, घट्ट. सोमवारी सुट्टी टाकून जायचे. रांगेत आम्ही सगळे पाय पुढे केलेले लोक: एक हवालदार, एक न्हावी, भाजी विकणारी एक बाई, मी. उभ्या धंद्यातले. पट्टी बांधणारी सिस्टर कमी बोलणारी होती. मात्र दर वेळी जखमेला मोजपट्टी लावून माप घ्यायची आणि मला दाखवायची. आकडा कमी झाला की म्हणायची, "चला, सरकलं." त्या पाच महिन्यांत मला सगळ्यात मोठा आधार तिच्या त्या दोन शब्दांचा होता. सांत्वन करणारे पुष्कळ होते, आकडा दाखवणारी ती एकच.

जखम भरली. वर आलेली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, चकचकीत. मग दुसरं लेझर झालं. भुलीच्या सुया टोचताना मी पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्यात काम संपलं.

निघताना डॉक्टरांनी एक छापील कागद दिला आणि पेनानं एकेक ओळ दाखवली. मोजे सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी घालायचे, कारण उठून चार कामं केली की पाय सुजतो आणि मग मोजा सुजेलाच धरून ठेवतो. वरची कड दुमडायची नाही, नाहीतर ती दोरी बांधल्यासारखी आवळते. सहा महिन्यांनी मोजे बदलायचे, इलॅस्टिक सैल पडतं. एका जागी उभं राहायचं नाही. चालायचं. टाचा उचलायच्या. वजन आटोक्यात आणि पोट साफ ठेवायचं. आणि दुपारी, उभ्याचं काम संपलं की अर्धा तास उताणं पडून पाय छातीपेक्षा वर ठेवायचे. तिथं एक चित्रही होतं: काड्यांचा माणूस, पायाखाली तीन उशा.

"यातलं हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं तुमच्यासाठी," ते म्हणाले. "सहा तास उभं राहिल्यावर जे रक्त खाली साचतं, ते तेव्हाच परत पाठवायचं. ही कातडी पुन्हा फाटली तर ती या वेळेसारखी भरेल, याची खात्री मी देणार नाही."

मी मान हलवली.

शाळेचं सोपं गेलं. मी बाकांमधून फिरत शिकवायला लागले. फळ्यावर लिहिताना वीस वेळा टाचा उचलायची. सातवी 'ब'नं तिसऱ्याच दिवशी ते ओळखलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही कुंपणावरून डोकावल्यासारखं करता." पुढे मी वीस टाचा विसरले की मागून कुणीतरी हळूच आकडा म्हणायचं. पोरांनी ते काम मनावर घेतलं होतं.

अर्धा तास कुठं पडायचं

आमचं घर हर्सूलला, तिसऱ्या मजल्यावर. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. सासूबाई गेल्यावर सासरे गावाकडून आमच्याकडे राहायला आले होते. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. वय विचारलं की ते वर्ष सांगत नसत, "पोलीस ॲक्शनच्या साली मला शाळंत घातलं" एवढंच सांगत, म्हणजे अठ्ठेचाळीस साली. धोतर, टोपी, ताठ कणा. हॉलमधल्या दिवाणावर त्यांचं बस्तान. तिथून समोर टीव्ही, डावीकडे खोलीचं दार, उजवीकडे स्वयंपाकघर.

आता आमच्या घरची रीत सांगते. सून सासऱ्यासमोर बसत नाही. पडणं तर दूरच. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर गावी गेले तेव्हा मामांसमोर बसलेली एकही बाई दिसली नाही, म्हणून मीही बसले नाही. जावा उभ्या, सासूबाई दाराआड उभ्या. शहरात आले, नोकरी लागली, स्कूटी घेतली, पण मामा दिसले की मी आपोआप उभी. एकदा स्कूटीवरून शाळेला निघताना मामा फाटकाशी दिसले, तर मी खाली उतरले आणि त्यांच्यासमोरून स्कूटी ढकलत नेली. आणि मामा माझ्याशी थेट बोलत नसत. वैष्णवी घरात असेल तर तिच्यामार्फत, "वैशे, तुझ्या आईला म्हनाव भाकर वाढ." ती नसेल तर टीव्हीला उद्देशून. मी टीव्हीच्या वतीनं भाकर वाढायची.

त्यांनी मला कधी 'उभी राहा' म्हटलं नाही. 'बस' असंही म्हटलं नाही.

दुपारी दोनला मी घरी पोचायची. वैष्णवी बारावीच्या क्लासला, ती चारला यायची. यांची वाळूजच्या कंपनीत तेव्हा कायम रात्रपाळी, त्यामुळे दुपारी हे खोलीत झोपलेले. हॉलमध्ये मामा, जागे. आता हिशेब करा. हॉलमध्ये पाय वर करून पडणं अशक्य. स्वयंपाकघराला दार नाही आणि तिथं देव्हारा. देव्हाऱ्याकडे पाय करता येत नाहीत, आणि उलटं पडलं तर पाय मामांकडे. राहिली खोली. दार उघडं ठेवलं तर दिवाणावरून सरळ माझे तळवे दिसणार. दार लावलं तर आत नवरा आहे. भरदुपारी, सासरे बाहेर बसलेले असताना, नवरा आत असलेल्या खोलीत शिरून दार लावून घ्यायचं आणि अर्ध्या तासानं बाहेर यायचं. ते मला मेले तरी जमलं नसतं.

मी यांना म्हटलं, "तुम्हीच मामांना सांगा ना."

हे डोळे चोळत म्हणाले, "काय सांगू? माझ्या बायकोला झोपू द्या म्हणू?"

"पायाचं आहे म्हणा."

"त्यांच्यासमोर तुझ्या पायाचा विषय मी काढू?" मग थोड्या वेळानं, "बघ जरा ॲडजस्ट करून."

मी ॲडजस्ट केलं. म्हणजे स्वयंपाकघरात उभ्यानं भाजी निवडली. त्यावरून आमचं दोघांचं बिनसलं. मोठं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण भांडायलाही दार लावावं लागतं, म्हणून आम्ही दोन महिने नुसतं कमी बोललो.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी पाय वर करता ना?"

"करते," मी म्हटलं.

त्यांनी घोट्याभोवती टेप लावला, मागचा आकडा पाहिला, पुन्हा टेप लावला. काळा डाग पसरला होता. "मग हे वाढायला नको होतं," ते म्हणाले. मी छताकडे बघत राहिले. शाळेत पोरं असं खोटं बोलली की मी लगेच ओळखते. त्यांनीही ओळखलं असणार.

त्या आठवड्यात खाज परत सुरू झाली. मी दोन्ही पायांतली जोडवी काढून डब्यात ठेवली. त्यावरून शेजारी जे बोलायचं ते बोलले.

मामा खाली जातात

एप्रिल लागला होता. एके दिवशी मी दोनला घरी आले, हातपाय धुतले, तेवढ्यात मामा दिवाणावरून उठले. टोपी घातली, टॉवेल डोक्यावर घेतला आणि टीव्हीला म्हणाले, "जरा खाली जाऊन येतो."

असल्या उन्हात कुत्रं बाहेर पडत नाही. मी काही बोलले नाही, कारण ते माझ्याशी बोललेच नव्हते. दुसऱ्या दिवशीही दोनला तेच. तिसऱ्या दिवशीही. मी आले की ते निघायचे. मी जाऊन गॅलरीतून बघायची. आमच्या बिल्डिंगला तेव्हा खाली झाड नव्हतं. वॉचमनची पत्र्याची खोली आणि तिच्या भिंतीची हातभर सावली. मामा त्या सावलीत कट्ट्यावर बसलेले असायचे, टॉवेलनं वारा घेत.

मला वाटलं, रुसले. माझं काहीतरी चुकलं. कदाचित जोडवी काढली म्हणून. कदाचित यांनी काही सांगितलं असेल आणि ते उलटं लागलं असेल. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी जिन्यात थांबवलं. "आजोबा रोज उन्हात बसतात हो. घरात काही झालं का?" ज्या सुरात विचारलं तो सूर मला कळला. सुनेनं म्हाताऱ्याला बाहेर काढलं, हे अख्ख्या बिल्डिंगचं ठरलं होतं. मला मामांचा राग आला. खरा, जळजळीत राग. वीस वर्षं तुमच्यासमोर टेकले नाही, आणि तुम्ही मला चारचौघांत अशी दाखवता. राग मनात ठेवून मी रोज गॅलरीत उभी राहायची आणि त्यांना काही होत नाही ना, ते बघायची. अर्धा तास. मग ते जिना चढून यायचे, पाणी प्यायचे, आणि टीव्हीला म्हणायचे, "लई ऊन हाये."

आठवडा असाच गेला. आठव्या दिवशी मी वरून बघत होते आणि मामा उठताना भिंतीला हात लावून थांबले. मग खाली बसले. कट्ट्यावर नाही, जमिनीवर.

मी तीन जिने मोज्यांतच उतरले. चप्पल घालायचं भान नव्हतं. खाली पोचले तेव्हा वॉचमनदादा त्यांच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होते. वॉचमनदादा सोयगावकडचे, मामांच्या बरोबरीचे नसले तरी साठीचे, आणि त्यांची मामांशी चांगली गट्टी जमलेली. मामांचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे उघडे होते.

"काय झालं, मामा?" मी विचारलं. मी त्यांना थेट प्रश्न विचारण्याची ती पहिली वेळ असावी.

मामा माझ्याकडे न बघता वॉचमनदादांना म्हणाले, "किती वाजले?"

"आडीचला पाच कमी," वॉचमनदादा म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमी काऊन उठल्या? आजून पाच मिन्टं ऱ्हायलेत तुमचे."

"माझे कसले?"

"पडायचे. बाबा रोज घड्याळात बघून अर्धा तास बसतेत इथं. डाक्तरानं सुनेला पाय वर करून पडायला सांगितलं म्हने, अन् मी म्होरं असलो तं ती पडायची नाय. नातीनं कागद वाचून दाखवला त्यायला."

मामांनी टोपी सारखी केली आणि फाटकाकडे बघत राहिले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. पण तोंडातून निघालं ते रागानंच निघालं.

"मामा, मी एक दिवससुद्धा पडले नाही. रोज गॅलरीत उभी राहून तुमच्याकडे बघत होते."

वॉचमनदादा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. मग मामांनी माझ्याकडे मान वळवली.

"म्हंजी मी खाली उन्हात, अन् तू वर हुभी," ते म्हणाले. "लई शहानी मानसं हाओत आपुन."

वॉचमनदादा तोंड फिरवून हसले. मग मीही हसले. मामा हसले नाहीत, पण उठताना त्यांनी आधाराला हात पुढे केला आणि तो मी धरला.

वर आल्यावर त्यांना पंख्याखाली बसवलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन त्यांनी तो ठेवला.

"तुझ्या पायाचं मला आधी काऊन नाय सांगितलं?"

"कसं सांगणार, मामा?"

त्यावर त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं असावं. मग म्हणाले, "माझ्या चुलतबहिनीच्या पायाला भोक पडलं व्हतं. तुला ठाव हाये. ती आमच्या बापासमोर कधी बसली नाय. आमी म्हनायचो, काय कामाची बाई हाये."

मग उठले आणि प्लास्टिकची खुर्ची ओढत गॅलरीच्या दाराशी नेली. तिचं तोंड बाहेर केलं. तिच्यावर बसले, माझ्याकडे पूर्ण पाठ करून, आणि पेपर उघडला.

"दिवानावर पड," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तिथली गादी चांगली हाये."

मी उभीच राहिले. वीस वर्षांची सवय गुडघ्यात असते. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"पडली का?"

"नाही."

"मंग मी पुन्हा खाली जातो."

मी पडले. दोन उशा आणि एक लोड पायाखाली घेतला, साडी घोट्यांशी घट्ट खोचली, आणि उताण्या अवस्थेतही डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. तो का ओढला, ते मला विचारू नका. मामा पेपर मोठ्यानं वाचायला लागले: कुठल्या धरणात किती पाणी, कुठल्या गावात कोण वारलं. मधेच थांबून विचारायचे, "किती झालं?" मी म्हणायची, दहा. "आजून ईस," म्हणून ते पुढचं वाचायचे. पाच वाजता यांना चहा दिला तेव्हा हे म्हणाले, बाबा आज एवढ्या मोठ्यानं काय वाचत होते, माझी झोप मोडली. मी म्हटलं, तुम्ही जरा ॲडजस्ट करा.

त्यानंतर

मोजे आता माझ्या उशाशी असतात. ते घालायला हात थकतात, उन्हाळ्यात जीव नको होतो, तरी घालते. सकाळी वैष्णवीनं पाय धरून चढवायला शिकून घेतलं होतं, तिचं लग्न झाल्यावर आता हे चढवतात. सुरुवातीला उलटे चढवले. टाच पुढे आली.

मधल्या काळात नव्या दोन शिरा आल्या, इंजेक्शनवर भागलं. हा आजार मुळासकट जात नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. आपण त्याला दररोज थोडं थोडं मागे ढकलायचं असतं. जखम मात्र पुन्हा उघडली नाही. नव्या बाईंना मी हेच सांगितलं: कागदावरच्या सगळ्या ओळी वाचा, आणि जी ओळ तुमच्या घरात बसणार नाही असं वाटेल, तिच्यापासून सुरुवात करा. डॉक्टरांशी खोटं बोलू नका, ते टेप लावतात.

त्या उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी टेप लावला, आकडा लिहिला, मागचा आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

"या वेळी खरंच पाय वर केलेत," ते म्हणाले.

"हो."

"रोज? अर्धा तास?"

"रोज. एकही दिवस चुकला नाही. चुकू देत नाहीत."

"कोण?"

"सासरे."

"अरे वा. समोर बसून लक्ष ठेवतात?"

"नाही," मी म्हटलं. "पाठ करून."